तोफ बनवायला तीस वर्षं का लागली?

मेटलर्जीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या सांगलीकडच्या एका विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारलेत. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ यान उतरवणाऱ्या देशाला १५५ मिलिमीटरची एक तोफ सैन्याला द्यायला इतकी वर्षं का लागली? आज जिला स्वदेशी म्हणतात ती तोफ खरंच कितपत स्वदेशी आहे? आणि या कामात यायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?

माझी एकतीस वर्षं तोफांच्या बॅरलच्या, म्हणजे नळ्यांच्या तपासणीत गेली. सुरुवात जबलपूरला, मधली वर्षं कानपूरला, शेवटची पुण्यात. त्यामुळे उत्तर बॅरलच्या बाजूने झुकलेलं असेल. पण तुम्ही मेटलर्जीचे आहात, तेव्हा तुम्हाला ते चालेल असं धरून चालतो.

तोफ बनवणं आपल्याला येत नव्हतं, असं नाही. येत होतं. १०५ मिलिमीटरची इंडियन फील्ड गन १९७० च्या दशकात आपणच उभी केली. सतरा किलोमीटरच्या आसपास पल्ला, जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत उत्पादन. हीच तोफ पुढे कारगिललाही लढली. जबलपूरचा हा कारखाना १९०४ चा. तिथे आजोबा, वडील आणि नातू एकाच गेटमधून कामावर गेलेली घरं आहेत, त्यात मराठी घरंही आहेत. म्हणजे कारखाना होता, माणसं होती, सवय होती. मग २४ मार्च १९८६ ला बोफोर्सचा करार झाला: १५५ मिमीच्या ४१० तोफा, सुमारे १,४३७ कोटी रुपये. त्या करारात तंत्रज्ञान हस्तांतरही होतं. ड्रॉइंग्ज, प्रक्रियेचे तपशील, हजारो पानं आपल्याकडे आली. आणि १९८७ च्या एप्रिलमध्ये स्वीडिश रेडिओने लाचखोरीची बातमी दिली.

त्यानंतर काय झालं ते राजकारणाच्या अंगाने सगळ्यांना ठाऊक आहे. कारखान्याच्या अंगाने काय झालं ते सांगतो. ‘बोफोर्स’ हा शब्द फाइलवर असला की फाइल पुढे सरकत नसे. जी कागदपत्रं आपण पैसे मोजून आणली होती, त्यांच्यावरून एकही पूर्ण तोफ पुढची पंचवीस वर्षं बनली नाही. १९९९ ला कारगिलमध्ये त्याच तोफांनी टायगर हिल आणि तोलोलिंगच्या कड्यांवर सरळ नेम धरून मारा केला, तेव्हा देशाला त्यांची किंमत कळली. त्याच वर्षी तोफखान्याच्या आधुनिकीकरणाची मोठी योजना आखली गेली. मग निविदा निघाल्या, चाचण्या झाल्या, एकामागून एक परदेशी कंपन्या काळ्या यादीत गेल्या, निविदा रद्द झाल्या. बोफोर्सनंतरच्या पहिल्या नव्या १५५ मिमी तोफा सैन्यात दाखल झाल्या त्या ९ नोव्हेंबर २०१८ ला, नाशिकजवळच्या देवळालीत: अमेरिकेची एम-७७७ आणि कोरियन मूळ असलेली के-९ वज्र. १९८६ ते २०१८ म्हणजे बत्तीस वर्षं. नोकरीला लागलेला माणूस निवृत्त होईल एवढा काळ.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. कागद हातात असताना बनवायला अडचण काय? यासाठी बॅरल कशी बनते ते नीट बघावं लागेल.

१५५ मिमी, ५२ कॅलिबर म्हणजे नळीची लांबी व्यासाच्या बावन्न पट: ८.०६ मीटर. बोफोर्स ३९ कॅलिबरची होती, तिच्याच कागदांवरून पुढे आपण बनवलेली धनुष ४५ ची. साधारण ४५ किलोचा गोळा या नळीतून सेकंदाला नऊशे मीटरहून जास्त वेगाने बाहेर पडतो. त्याला नळीत लागणारा वेळ सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. आतला दाब वातावरणाच्या साडेतीन-चार हजार पट. नळीतल्या पिळाच्या खाचा गोळ्याला वीस कॅलिबरमध्ये, म्हणजे ३.१ मीटरमध्ये एक फेरा देतात. गणित करून पाहा, गोळा बाहेर पडताना मिनिटाला सतरा-अठरा हजार फेऱ्यांनी फिरत असतो. हे एकदा नव्हे, हजारो वेळा व्हायला हवं. सियाचीनच्या थंडीत आणि पोखरणच्या मे महिन्यातही व्हायला हवं, आणि नळीपासून दोन हातांवर उभ्या असलेल्या जवानाचा केसही वाकडा न होता.

पोलाद निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमचं. भट्टीतून निघालं की निर्वातात त्यातला वायू काढतात आणि मग ते पुन्हा वितळवतात. या दुसऱ्या वितळवण्याला इलेक्ट्रोस्लॅग म्हणतात: पोलादाचा खांब तापलेल्या स्लॅगमध्ये, म्हणजे वितळलेल्या खनिजांच्या थरात, थेंबाथेंबाने वितळतो, प्रत्येक थेंब त्या स्लॅगमधून खाली उतरताना आपली घाण सोडतो आणि पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या साच्यात गोठतो. मग फोर्जिंग, म्हणजे तापवून दाबाने आकार देणं. मग हीट ट्रीटमेंट. इथे नळी आडवी ठेवत नाहीत, उभी टांगतात, कारण आठ मीटरचं तापलेलं पोलाद आडवं ठेवलं तर स्वतःच्या वजनाने वाकतं. मग दोन्ही टोकांचे तुकडे कापून उणे ४० अंशाला हातोड्याने तोडून बघतात. मग खोल बोअरिंग (भोक पाडणं), होनिंग (ते आतून घासून गुळगुळीत करणं), आणि नंतर ऑटोफ्रेटाज.

या ऑटोफ्रेटाजवर जरा थांबतो. गावाकडे बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना तुम्ही पाहिलं असेल, नसेल तर आजोबांना विचारा. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, शेणींच्या जाळात लाल तापवून चाकावर बसवतात आणि वरून पाणी मारतात. गार होताना ती अशी आवळते की आरे आणि पाटे एकजीव होतात. जुन्या तोफांच्या नळ्या असंच करून बनत: एका नळीवर दुसरी तापवून चढवायची. आज एकाच नळीत तोच परिणाम साधतात. भोकापेक्षा किंचित मोठा, अतिकठीण गोलक प्रचंड दाबाने नळीतून ढकलतात. आतला थर कायमचा ताणला जातो, बाहेरचा थर मात्र परत जागेवर येऊ पाहतो आणि आतल्याला आवळून धरतो. गोळा सुटताना स्फोटाच्या दाबाला आधी ही आवळण सोडवावी लागते. म्हणून त्याच जाडीच्या पोलादातून हलकी आणि जास्त टिकणारी नळी मिळते. गोलक किती मोठा असावा, किती वेगाने ढकलावा, वंगण कोणतं, नंतर किती अंशांना किती तास तापवायचं, यातलं बरंच कागदावर असतं. बरंच नसतंही.

कागदावर काय नसतं त्याचं एक उदाहरण देतो. कारखान्याचं नाव सांगत नाही. एका जुलैमध्ये आमच्याकडे आलेल्या फोर्जिंग्जमध्ये अल्ट्रासॉनिकच्या पडद्यावर आतून बारीक बारीक शिखरं दिसायला लागली. एक नळी, दोन, पाच. कापून, ॲसिड लावून पाहिलं तर आत केसाएवढ्या भेगा. हायड्रोजनच्या. पोलादाचं रसायन ड्रॉइंगबरहुकूम, भट्टीच्या नोंदी बरोबर, निर्वाताचे आकडे बरोबर. तीन आठवडे सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होते. शेवटी भट्टीवरच्या एका जुन्या मिस्त्रीने हात धरून चुन्याच्या शेडमध्ये नेलं. पत्रा एका कोपऱ्यात गळत होता. भट्टीत टाकायचा चुना ओलावला होता आणि त्या ओलीतला हायड्रोजन पोलादात उतरत होता. एका पत्र्याच्या भोकापायी अनेक महिन्यांचं काम भंगारात गेलं. त्या मिस्त्रीने हे आधी एकदा पाहिलं होतं, खूप वर्षांपूर्वी, म्हणून त्याला सुचलं. पंचवीस वर्षं काम बंद असतं तर तो मिस्त्री तिथे नसता. असला तरी त्याने पहिला प्रसंग पाहिलेला नसता.

बोफोर्सच्या कागदांचं नेमकं हेच झालं. स्वीडिश लोकांनी आपली ड्रॉइंग्ज दिली, त्यात लबाडी नव्हती. पण ड्रॉइंग हे माणसाच्या हातातल्या अनुभवाचं टिपण असतं. तो अनुभव लागोपाठ काम केल्यानेच येतो.

आपल्या इतिहासात याचा एक दाखला आहे. महादजी शिंद्यांनी आग्र्याला तोफांचा ओतकारखाना उभा केला. तो चालवणारा सँग्स्टर हा स्कॉटिश माणूस होता. त्या फौजेच्या तोफा उत्तम होत्या, हे १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत समोर उभ्या असलेल्या इंग्रजांनीही मान्य केलं. लढाईनंतर नव्वदाहून जास्त तोफा त्यांनी नेल्या. त्या वर्षाअखेर शिंद्यांचा पराभव झाला, आग्रा गेलं आणि तो कारखानाही गेला. उलट कंपनी सरकारने १८०१ ला कोलकात्याजवळ काशीपूरला तोफगाड्यांचा कारखाना काढला, तो आजही गन अँड शेल फॅक्टरी म्हणून चालू आहे. एका ठिकाणी काम तुटलं, दुसरीकडे दोनशे वर्षं चालत राहिलं.

धनुषकडे येऊ. २०११ च्या सुमारास ती जुनी कागदपत्रं पुन्हा उघडली गेली आणि ३९ कॅलिबरऐवजी ४५ कॅलिबरची, ३८ किलोमीटर पल्ल्याची तोफ बनवायचं ठरलं. २०१३ ला चाचणीत एक बॅरल फुटली. २०१७ ला पोखरणला गोळा मझल ब्रेकला, म्हणजे धक्का कमी करायला नळीच्या तोंडाशी बसवलेल्या भागाला घासला. त्याच वर्षी सीबीआयने गुन्हा नोंदवला की तोफेसाठी जर्मन म्हणून पुरवलेली बेअरिंग्ज प्रत्यक्षात चिनी बनावटीची होती. वर्तमानपत्रांना हे तीन मथळे पुरले. पण ज्यांनी कधी प्रूफ रेंजवर, म्हणजे तोफा उडवून तपासायच्या मैदानावर दिवस काढलाय त्यांना ठाऊक असतं की चाचणीत फुटण्यासाठीच चाचणी असते. मझल ब्रेकला गोळा का लागला, या प्रश्नाचं उत्तर शोधताना नळीचा सरळपणा, मझल ब्रेकची बसणी, गोळ्याचं अंग, गोळ्यावरचा तांब्याचा पट्टा, दारूचा चार्ज, एवढं सगळं तपासावं लागतं. आणि यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या कारखान्यातून येते. ८ एप्रिल २०१९ ला पहिल्या सहा धनुष सैन्याला मिळाल्या. मागणी ११४ ची होती. सैन्याच्या हिशेबाने हे उशिरा झालं, मला ते मान्य आहे. पण पंचवीस वर्षांच्या खंडानंतर आठ वर्षांत एवढं होणं ही लहान गोष्ट नाही, आणि ज्या लोकांनी ते केलं त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. जुन्या रशियन १३० मिमी तोफेला १५५ ची नळी बसवून केलेली ‘शारंग’ही याच माणसांच्या हातची.

प्रूफ फायरिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण माझ्या नोकरीतला तो सर्वांत आवडता भाग होता. प्रत्येक नळी नेहमीपेक्षा जास्त दाबाचा चार्ज लावून उडवतात. दाब मोजायला आज इलेक्ट्रॉनिक साधनं आहेत, पण आम्ही चार्जसोबत क्रशर गेजही टाकत असू. पेरूएवढं पोलादी भांडं, त्याच्या पोटात तांब्याचा छोटासा तुकडा. तोफ उडाली की ते भांडं शोधून उघडायचं. तांबं चेपलेलं असतं. किती चेपलं ते मायक्रोमीटरवर बघायचं आणि तक्त्यावरून दाब काढायचा. मग नळीत बोअरस्कोप घालायचा. जिथे दारूची कोठी संपते आणि खाचा सुरू होतात, तिथे सर्वांत जास्त आच लागते. बऱ्याच फैरी झालेल्या नळीत तिथला पृष्ठभाग उन्हाळ्यातल्या आटलेल्या तळ्यासारखा दिसतो, चौकटी-चौकटींच्या भेगांनी भरलेला. या भेगा उथळ असेपर्यंत भीती नाही. त्यातली एखादी खोल जाते तेव्हा ती ओळखता आली पाहिजे. हे ओळखायला मला सात-आठ वर्षं लागली.

आता दुसरा प्रश्न, स्वदेशी किती? धनुषच्या हस्तांतराच्या वेळी ८१ टक्के भाग देशी असल्याचं सांगितलं गेलं. ॲटॅग्स या १५५ मिमी, ५२ कॅलिबरच्या नव्या तोफेसाठी अधिकृत आकडा ६५ टक्क्यांहून जास्त असा आहे. यावरून धनुष जास्त स्वदेशी ठरते का? माझ्या मते नाही. धनुषचा मूळ आराखडा स्वीडिश. ॲटॅग्सचा आराखडा पुण्यात पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेत झाला, भारत फोर्ज आणि टाटा यांच्यासोबत. बॅरल, ब्रीच (नळी मागून बंद करणारा भाग), मझल ब्रेक, रिकॉइल (धक्का झेलणारी यंत्रणा), गोळा भरण्याची यंत्रणा, हे सगळं इथलं. ज्याचा आराखडा तुमच्या हातात असतो, त्याचा बाहेरून आणलेला एखादा भाग उद्या तुम्ही बदलू शकता. टक्केवारी रुपयांत मोजतात, आणि रुपयांत हे दिसत नाही. त्यामुळे मी टक्क्यांपेक्षा हे विचारीन: उद्या या तोफेची दारूची कोठी दोन लिटरने मोठी करायची असेल, तर परवानगीसाठी कोणत्या देशाला पत्र लिहावं लागेल?

हे उदाहरण मुद्दाम घेतलं. जगातल्या बहुतेक ५२ कॅलिबर तोफांची कोठी २३ लिटरची असते. ॲटॅग्सची २५ लिटरची आहे. म्हणून ती सर्वांत जास्त चार्ज घेऊ शकते आणि २०१७ च्या चाचणीत तिने ४८ किलोमीटरचा पल्ला गाठला. दुसरं म्हणजे तिची हालचाल पूर्ण विजेवर चालते, तेलाच्या दाबावर नाही. हायड्रॉलिकची गळती, थंडीत आखडणारी सील्स, यांनी ज्यांचे दिवस खाल्लेत त्यांना याचं मोल कळेल. उणं म्हणाल तर वजन, सुमारे १८ टन. डोंगरातल्या वळणांवर ते सोपं नाही, आणि सैन्याने यावरून घेतलेले आक्षेप मला रास्त वाटतात. २०२० ला पोखरणला चाचणीत तिचीही एक नळी फुटली, चार जण जखमी झाले. २०२२ ला लाल किल्ल्यावरच्या स्वातंत्र्यदिनाच्या सलामीत ती पहिल्यांदा वाजली. आणि मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा, सुमारे ६,९०० कोटींचा करार झाला: साठ टक्के भारत फोर्ज, चाळीस टक्के टाटा. प्रकल्पाला मंजुरी २०१२ ची. तेरा वर्षं लागली, पण या वेळी काम मध्ये तुटलं नाही.

सरकारी की खासगी, या वादात मला रस नाही. गुजरातेत हजिऱ्याला एल अँड टीने शंभर के-९ वज्र वेळेत दिल्या, ते अतिशय चांगलं काम होतं. आता आणखी शंभरांची मागणी मिळाली आहे. पहिली मागणी २०२१ च्या सुरुवातीला संपली, दुसरी डिसेंबर २०२४ ला आली. मधल्या पावणेचार वर्षांत तिथल्या वेल्डरने काय केलं असेल? मला हा प्रश्न सरकारी-खासगीपेक्षा मोठा वाटतो. वर्षाला वीस नळ्या सलग दहा वर्षं मागवल्या, तर कारखाना जिवंत राहतो. दोन वर्षांत दोनशे मागवून मग आठ वर्षं काहीच नाही असं केलं, तर नवव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नळ्या झिजतात, त्या बदलाव्या लागतात. नव्या तोफा नकोत तेव्हा राखीव नळ्यांची मागणी चालू ठेवता येते, हा अगदी साधा उपाय आहे आणि तो मी माझ्या नोकरीत अनेकदा लिहून दिला.

एक गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी. तोफ म्हटलं की सगळे नळीकडे बघतात, पण गोळ्याशिवाय ती नुसता लोखंडी खांब. गोळ्याचं पोलादी अंग नागपूरच्या अंबाझरीत घडतं, त्यात स्फोटकं भरण्याचं काम चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीच्या कारखान्यात होतं, तोफेला लागणारी दारू भंडाऱ्याच्या जवाहरनगरला बनते. २०२१ ला आयुध कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, त्यात दारूगोळ्याच्या कंपनीचं मुख्यालय पुण्याला आलं. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या स्फोटात कामगार गेले, ती बातमी दोन दिवसांत मागे पडली. तोफांच्या संचलनाला टाळ्या वाजवताना त्या घरांची आठवण ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

तिसरा प्रश्न: सुरुवात कुठून? मोठ्या कंपनीच्या भरतीची वाट बघू नका. गन स्टीलच्या जवळचं भावंड म्हणजे ईएन-२४, सांगली-कोल्हापूरच्या कोणत्याही फाउंड्रीच्या आसपास ते मिळेल. त्याचे दहा चार्पी तुकडे (हातोड्याने तोडून चिवटपणा मोजायचे, खाच पाडलेले तुकडे) करून घ्या. सगळे एकसारखे तापवून तेलात विझवा. मग पाच तुकड्यांना ३५० अंशांवर टेम्पर द्या, म्हणजे पुन्हा तापवा, पाच तुकड्यांना ६०० वर. स्पिरिटमध्ये कोरडा बर्फ टाकून उणे ४० पर्यंत आणा (हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा) आणि बाहेर काढल्यापासून पाच सेकंदांच्या आत तोडा. आकडे लिहून ठेवा, पण आधी तुटलेले पृष्ठभाग भिंगाखाली शेजारीशेजारी ठेवून नीट बघा. एक साखरेच्या दाण्यांसारखा चमकेल. दुसरा करडा, तंतुमय, फाटलेल्या उसासारखा दिसेल. फोटो काढा आणि मला पाठवा. पुढचं त्यावर बोलू.